बरे होण्याच्या वाटेवरचे फलक

जाहिरातीकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. दिवसभरात आपल्या नजरेखालून जाणाऱ्या मजकुरातला मोठा वाटा मात्र तिचाच असतो. हा दिवाळी अंकसुद्धा जाहिरातींच्या आधारानेच वाचकांपर्यंत येतो, हे विसरून चालणार नाही. तेव्हा जाहिरातीवर सरसकट तुटून पडण्याचा माझा इरादा नाही. मला लिहायचे आहे ते एका विशिष्ट जागी दिसणाऱ्या जाहिरातींबद्दल. खाण्याच्या विकारांतून बरी होऊ पाहणारी माणसे इंटरनेटवर एकमेकांना धीर द्यायला जिथे जमतात, ती ही जागा. तिथे 'भूक लागू न देणारा चहा', 'एकवीस दिवसांत सपाट पोट', 'तुमचे वजन तुमच्या वयाला शोभते का?' असा मजकूर कडेने सरकत असतो. दारू सोडलेल्यांच्या बैठकीत कुणी गुत्त्याची पत्रके वाटली तर त्याला हाकलून देतील. इथे पत्रके वाटणाराच जागेचा मालक असतो. त्याला हाकलणार कोण?

गेली काही वर्षे मी अशा जाहिराती मजकूर म्हणून वाचत आलो आहे. त्यांचा आवाज कसा आहे, त्या कुणाला उद्देशून बोलतात, क्रियापदे कोणती वापरतात, हे पाहत आलो आहे. पुढचे विवेचन त्या वाचनातून आले आहे.

आधी आजाराबद्दल थोडे. १८७३मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी आणि पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी जवळजवळ एकाच वेळी एका विकाराचे वर्णन केले. गल यांनी त्याला दिलेले अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव टिकले, पण ते फसवे आहे. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे भूक नसणे, आणि या रुग्णांना भूक असते. बहुतेकदा भयंकर असते. मराठीत 'क्षुधानाश' म्हटले तर तीच चूक आपण संस्कृतात करतो. भूक मेलेली नसते, भुकेशी लढाई चाललेली असते. उपाशी शरीर अन्नाचाच ध्यास कसा घेते हे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात दिसून आले. अ‍ॅन्सेल कीज यांनी युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेल्या ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ही धडधाकट माणसे पाककृतींची पुस्तके वाचू लागली, पदार्थांच्या कृती जमवू लागली, ताटातला घास तासन्‌तास पुरवून खाऊ लागली. मन खचणे, चिडचिड, एकलकोंडेपणा हे सगळे मागोमाग आले. म्हणजे अन्नाचे वेड हा स्वभावाचा दोष नव्हे. शरीर जगण्यासाठी मारत असलेली ती हाक असते.

हा विकार जीवघेणा आहे. २०११मध्ये ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण त्यांच्या वयाच्या इतरांपेक्षा पाचपटींहून अधिक होते आणि दर पाच मृत्यूंपैकी एक आत्महत्येचा होता. जाहिरातीमुळे हा आजार होतो असे मी म्हणणार नाही. आनुवंशिकता, स्वभाव, घरातले ताण, शरीराची घडण अशी बरीच कारणे त्यात गुंतलेली असतात. माझा प्रश्न वेगळा आहे. जो माणूस आजारातून बाहेर पडायची धडपड करतो आहे, नेमका त्याच्यासमोर हा मजकूर का येतो, आणि आल्यावर त्याचे काय करतो?

बरे होणाऱ्यांच्या या जागांना घरासारखे नियम असतात. देश बदलला, भाषा बदलली तरी ते साधारण सारखेच असतात. आकडा लिहायचा नाही. वजनाचा नाही, मापाचा नाही, किती खाल्ले त्याचाही नाही. 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी छायाचित्रे लावायची नाहीत. कुणाच्या शरीरावर शेरा मारायचा नाही, कौतुकाचासुद्धा नाही. त्रास होईल असे काही सांगायचे असेल तर आधी इशारा द्यायचा. बाहेरच्याला हे अतिरेकी वाटते. पण आकडा हे या आजाराचे इंधन असते. दुसऱ्याचा आकडा दिसला की तुलना सुरू होते, आणि तुलना सुरू झाली की मागे खेचले जायला वेळ लागत नाही. (म्हणून या लेखातही वजनाचा किंवा उष्मांकांचा एकही आकडा मी देणार नाही. वाचकांत कोण बसले आहे, मला काय ठाऊक.)

हे नियम पाळून घेणारी माणसे बहुधा बिनपगारी असतात, पुष्कळदा स्वतः या आजारातून गेलेली. रात्री-बेरात्री जागून एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीने लिहून टाकलेला आकडा ती हळूच पुसतात आणि तिला चार समजुतीचे शब्द लिहितात. त्याच वेळी त्या शब्दांच्या शेजारी फोनचा पडदा आकड्यांनी भरलेली जाहिरात दाखवत असतो, आणि तिला त्यांचा हात पोचत नाही. सदस्याला जे लिहायची बंदी आहे ते पैसे भरणाऱ्याला लिहायची मुभा आहे.

आता ही जाहिरात तिथे येते कशी? तिच्यामागे कुणी दुष्ट माणूस बसलेला असतो असे नाही. शेजारच्या मजकुरातले शब्द पाहून जाहिरात ठरवायची पद्धत गूगलने २००३पासून सर्वदूर नेली. पानावर 'वजन', 'जेवण', 'भूक', 'शरीर' हे शब्द वारंवार आले की यंत्र म्हणते, इथे वजनाचा ग्राहक आहे. 'मला वजन कमी करण्याच्या विचारापासून सुटायचे आहे' या वाक्यात यंत्राला 'वजन कमी करण्याच्या' एवढे पुरते, 'सुटायचे' त्याच्या हिशेबी भरतीचे. मराठी वाचकाला हे लवकर कळेल. आपल्या वाक्यात नकार बहुधा शेवटी येतो आणि शेवटपर्यंत वाचले नाही तर अर्थ उलटा होतो. बरे होण्याची सगळी भाषाच अशी नकारावर उभी असते: मोजणार नाही, लपवणार नाही, टाळणार नाही. नकाराला कमी तोलणाऱ्या वाचकासमोर ही माणसे मन मोकळे करतात, आणि तो वाचक त्यांना त्यांच्याच आजाराचा माल आणून देतो.

दुसरी वाट माणसाच्या मागावर राहण्याची. तुम्ही काय शोधले, कुठे थांबलात, काय अर्धवट सोडले यावरून तुमची एक छबी तयार होते आणि तिचा लिलाव होतो. प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने २०१९मध्ये फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनमधली नैराश्याची माहिती देणारी १३६ संकेतपाने तपासली. त्यांतल्या तीन-चतुर्थांशांहून अधिक पानांवर जाहिरातबाजीसाठी माग काढणारे तुकडे बसवलेले होते. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने, खासगी ठेवण्याचे वचन दिलेली आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदींना पुरवली, असा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला. २०२३मध्ये ते प्रकरण ७८ लाख डॉलर्स भरून मिटले. २०१७मध्ये 'द ऑस्ट्रेलियन' या दैनिकाने फेसबुकचा एक अंतर्गत दस्तऐवज उघड केला. किशोरवयीन मुलांना आपण कवडीमोलाचे आहोत असे केव्हा वाटते, त्यांना धीराची गरज केव्हा असते, हे कंपनी ओळखू शकते असे त्यात जाहिरातदारांना सांगितले होते. भावनांवरून लक्ष्य करण्याचे साधन आम्ही विकत नाही, असा खुलासा कंपनीने केला. २०२५मध्ये तिथल्याच एका माजी अधिकारी सारा विन-विल्यम्स यांनी अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली की, मुलीने स्वतःचा फोटो काढून टाकला की ती वेळ सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीसाठी हेरली जाई. कंपनीने तेही नाकारले. खरे-खोटे त्या त्या चौकशीत ठरेल. मला महत्त्वाची वाटते ती त्यातली व्यापारी दृष्टी. दुकानदार गिऱ्हाइकाची गरज ओळखतो यात नवे काही नाही. गिऱ्हाइकाची जखम नेमकी कोणत्या घटकेला उघडी असते हे ओळखणे नवे आहे.

पण माझे मुख्य म्हणणे जाहिरातीच्या भाषेबद्दल आहे. या विकाराचे रुग्ण आजाराचे वर्णन पुष्कळदा 'आवाज' म्हणून करतात. डोक्यात कुणीतरी सतत बोलते: एवढे पुरे, उठ, चाल, तुझ्यात शिस्त नाही, बाकीच्यांना जमते, तुलाच जमत नाही. उपचारात हा आवाज स्वतःपासून वेगळा करायला शिकवतात, म्हणजे 'हे मी बोलत नाही, आजार बोलतो आहे' असे म्हणता यावे. आता वजन घटवण्याची कोणतीही जाहिरात घ्या. ती द्वितीय पुरुषात बोलते. आज्ञार्थ वापरते. मुदत घालते, आकडा देते, तुलना करते, शेवटी दटावते: अजून किती दिवस थांबणार? मराठी जाहिरातीत तर गंमत अशी की वजनाच्या बाबतीत 'तुम्ही'चे 'तू' फार लवकर होते. विमा विकणारा 'आपण' म्हणतो, सोनार 'तुम्ही' म्हणतो, पोट कमी करणारा थेट 'तू' वर येतो. मैत्रिणीची लगट म्हणून ते केलेले असेल. पण डोक्यातला आवाजही 'तू'च म्हणतो. जो आवाज बाहेर काढायला दोन वर्षे लागली तो बाहेरूनच, छापील अक्षरांत परत येतो. आणि बाहेरून आला म्हणून तो जास्त खरा वाटतो.

त्या जोडछायाचित्राचेही पाहा. डावीकडे पूर्वीची बाई, उजवीकडे नंतरची. डावीकडे उजेड कमी, चेहरा पडलेला. उजवीकडे उजेड, हसू. अ‍ॅनोरेक्सियातून बऱ्या होणाऱ्या मुलीचा प्रवास नेमका उलट असतो. तिला उजवीकडून डावीकडे जायचे असते. तिच्या उपचाराचे जे यश, ते या चित्रात अपयशाच्या जागी छापलेले असते. इतका संपूर्ण उलट अर्थ मी दुसऱ्या कोणत्या जाहिरातीत पाहिलेला नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. खाण्याचे विकार असलेली सगळीच माणसे हाडकुळी नसतात, किंबहुना बहुसंख्य नसतात. अनावर खाण्याच्या विकाराला २०१३मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले, आणि त्या रुग्णांतले अनेक जण स्थूल असतात. त्यांच्यातले काही स्वतःच वजन कमी करण्याचे मार्ग शोधत असतात. मग जाहिरातीने काय बिघडले? बिघडते असे की कडक बंधन आणि मग तोल सुटणे, हेच तर या विकाराचे चक्र असते. जाहिरात त्या चक्राचा पहिला टप्पा विकते आणि दुसऱ्याची शरम रुग्णाच्या पदरी टाकते. महिनाभराने तोच माणूस तेच पुन्हा विकत घेतो. व्यापार म्हणून याला तोड नाही.

बंद्या आल्या नाहीत असे नाही. २०१८मध्ये किम कार्दाशियन यांनी भूक मारणाऱ्या लॉलीपॉपची भलामण केल्यावर ब्रिटिश अभिनेत्री जमीला जमील यांनी तिखट विरोध केला. पुढल्या वर्षी इन्स्टाग्रामने अशा काही मजकुरावर अठरा वर्षांखालच्यांसाठी निर्बंध आणले. २०२०मध्ये टिकटॉकने उपासाच्या अ‍ॅपच्या आणि वजन घटवणाऱ्या पूरकांच्या जाहिराती थांबवल्या. जुलै २०२१मध्ये पिंटरेस्टने वजन घटवण्याची भाषा आणि चित्रे असलेल्या सर्वच जाहिरातींना मनाई केली. मोठ्या मंचांत असे करणारा तो पहिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इन्स्टाग्रामवर माफी मागायची पाळी आली होती, कारण शोधपेटीत त्याचे यंत्र आपणहून 'भूक मारणारी औषधे' असे शब्द सुचवत होते.

मग बाजाराने शब्द बदलले. 'डाएट' गेले, 'जीवनशैली' आली. 'बारीक व्हा' गेले, 'स्वतःवर प्रेम करा' आले. नूम या अमेरिकी अ‍ॅपने तर डाएट सोडा, आम्ही मानसशास्त्र वापरतो, अशी आपली ओळख करून दिली. आत गेल्यावर मात्र रोजच्या अन्नाची मोजदाद होतीच. मला हा टप्पा आधीच्यापेक्षा घातक वाटतो. 'शरीराचे ऐका', 'अन्नाशी मैत्री करा', 'अपराधी वाटून घेऊ नका' हे शब्द रुग्णांनी आणि उपचारकांनी कष्टाने घडवले होते. तेच शब्द माल खपवायला वापरले की रुग्णाकडे स्वतःचे म्हणायला शब्द उरत नाहीत. उपचारक 'शरीराचे ऐक' म्हणाली तरी तिला ते वाक्य कुठल्यातरी चहाच्या खोक्यावर वाचलेले आठवते.

ही भाषा किती खोल मुरली आहे याचा पुरावा २०२३च्या मे महिन्यात मिळाला. अमेरिकेतल्या नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन या संस्थेने वीस वर्षांहून जुनी मदतवाहिनी बंद करण्याचे ठरवले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी नुकतीच संघटना बांधली होती, हा योगायोग अनेकांना खटकला. संस्थेने लोकांना टेसा नावाच्या संवादयंत्राकडे वळवायचे ठरवले. टेसा मुळात संशोधकांनी आधीच लिहून ठेवलेली उत्तरे देणारे, प्रतिबंधापुरते साधन होते. ते चालवणाऱ्या कंपनीने मधल्या काळात त्यात स्वतः वाक्ये रचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता जोडली. या आजारातून गेलेल्या एका कार्यकर्तीने टेसाशी बोलून पाहिले तेव्हा टेसाने तिला रोज किती उष्मांक कमी घ्यावेत, वजन किती वेळा करावे, अशा सूचना दिल्या. हे उघड झाल्यावर संस्थेने लगोलग टेसा बंद केले. या प्रकारात जाहिरातदार कुणीच नव्हता. कुणाला काही विकायचे नव्हते. संस्था रुग्णांचीच होती. तरी तोंड उघडल्यावर यंत्राच्या तोंडून जाहिरात बाहेर पडली, कारण शरीराबद्दल बोलायची जी भाषा जगाने लिहून ठेवली आहे ती जाहिरातीचीच आहे.

गूगलने २०२२मध्ये एक सोय दिली: वजन घटवण्याच्या जाहिराती कमी दिसाव्यात असे वापरणाऱ्याने स्वतः नोंदवायचे. कमी, बंद नव्हे. वर कामाची वाटणी पाहा. ज्याला जाहिरात लागते त्यानेच आपली दुखरी जागा कंपनीला कळवायची. माग काढून ज्याने माझी झोपेची वेळ ओळखली त्याला मी बरा होऊ पाहतो आहे एवढे ओळखता येत नाही, हे पटायला जड जाते. ओळखून उपयोग नाही, एवढाच त्याचा अर्थ.

काफ्काची उपाशी राहणाऱ्या कलावंताची कथा १९२२ची. तिच्यातला व्यवस्थापक उपास चाळीस दिवसांवर थांबवतो, आणि ते कलावंताच्या जिवासाठी नव्हे. जाहिरातीच्या जोरावर लोकांची उत्सुकता तेवढेच दिवस टिकवता येते, हा त्याचा अनुभव असतो. कलावंतावर आपण पुष्कळ लिहिले, व्यवस्थापकावर कुणी फारसे लिहीत नाही. आज तो कथेतून बाहेर पडून चांगला सुस्थित झालेला दिसतो.

आपल्याकडे काय? मराठी घरात शरीरावर बोलायला परवानगी लागत नाही. लग्नाच्या मांडवात 'किती बारीक झालीस गं' हे कौतुक असते आणि 'तब्येत सुधारली' हा चिमटा. उपासाचे पुण्यही आहे आणि 'एकादशी, दुप्पट खाशी' ही चेष्टाही आहे. त्यामुळे मुलगी जेवण टाळते तेव्हा तिला लपायला जागा भरपूर मिळते: आज संकष्टी आहे, पोट जड आहे, डाएट चालू आहे. जाहिरातदाराला हे सगळे आयते हाती लागते. 'लंघनं परमौषधम्' हे वचन तापकऱ्यासाठी होते, आता ते अ‍ॅपच्या प्रचाराला येते.

कायदा मात्र आपल्याकडे जुना आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४चा. त्याच्या परिशिष्टात ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करता येत नाही त्यांत लठ्ठपणाही आहे. हमदर्द दवाखाना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, पण असल्या जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कवच नाही असे म्हटले. १९९५च्या टाटा प्रेस खटल्यात व्यापारी जाहिरातीलाही ते संरक्षण मिळाले, फसव्या जाहिरातीला नाही. इतके असून हा चहा आणि हे अ‍ॅप सुटते कसे? उत्तर व्याख्येत आहे. शरीराच्या घडणीवर किंवा कार्यावर परिणाम घडवण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू म्हणजे औषध, असे कायदा म्हणतो, पण 'अन्न सोडून'. चहा आणि च्युइंग गोळ्या अन्न म्हणून निसटू पाहतात. अ‍ॅप तर वस्तूच नव्हे. १९५४मध्ये हे कुणाला सुचण्यासारखे नव्हते.

फसव्या जाहिरातींबाबतच्या २०२२च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत मुलांच्या मनात शरीराविषयी न्यूनभाव रुजवणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे. चांगली गोष्ट. पण ती मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींपुरती. आणि या सगळ्या नियमांची एक समजूत सारखी आहे: जाहिरात खोटी असेल तरच ती अपाय करते. मी पाहिलेल्यांतल्या पुष्कळ जाहिराती कायद्याच्या अर्थाने खोट्या नव्हत्या. कमी खाल्ले तर वजन घटते, हे खरेच आहे. प्रश्न ते कुणाला, कुठे आणि कोणत्या घटकेला सांगितले याचा आहे, आणि 'कुठे' हा शब्द आपल्या जाहिरातविषयक कायद्यांत अनोळखी नाही. शाळेच्या भोवती शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, असा २००३चा कायदा आहे. तिथे तंबाखूबद्दल दुकानदार खरे बोलतो की खोटे, हे कुणी विचारत नाही. अंतर मोजतात. तसेच अंतर बरे होणाऱ्यांच्या जागांभोवती आखता येईल. त्या जागा कोणत्या हे यंत्राला आधीच ठाऊक आहे, त्यावरूनच तर ते जाहिराती पाठवते. फक्त त्या यादीचा उपयोग उलटा करायचा आहे, आणि तो करायला भाग पाडणारे कलम अजून कुणी लिहिलेले नाही.